काशीला जाताय? तिकिटाआधी मुक्काम कुठे करायचा ते ठरवा

काशीला जायचं ठरलं की आपल्याकडे सगळी धावपळ तिकिटाची असते, महानगरी मिळतेय का, कामायनी मिळतेय का, पुण्याहून ज्ञानगंगाला वेटिंग किती आहे, आणि एकदा तिकीट कन्फर्म झालं की हॉटेल काय, ॲप उघडायचं, 'मंदिरापासून ५०० मीटर' असं लिहिलेलं बघायचं आणि बुक करून मोकळं व्हायचं. मी पण पहिल्या वेळी तेच केलं होतं. आई बरोबर होती, तेव्हा अडुसष्ट वर्षांची, दोन्ही गुडघे दुखणारे. हॉटेल मणिकर्णिका या दहनाच्या घाटाच्या वरच्या अंगाला, फोटोत गच्चीवरून गंगा दिसत होती, भाडं पण ठीकठाक, म्हटलं छान आहे. टोटोवाल्याने, म्हणजे तिकडच्या ई-रिक्षावाल्याने, मैदागिनला आणून सोडलं आणि म्हणाला, "बस भइया, इसके आगे गाड़ी नहीं जाएगी."

तिथनं पुढे पायी. 'चौक' नावाच्या भागापर्यंत गर्दीचा रस्ता, मग गल्ली, गल्लीतनं अजून अरुंद गल्ली, समोरून कोणी आलं तर एकाने भिंतीला चिकटून उभं राहायचं. एका वळणावर भलामोठा सांड बसलेला, त्याला वळसा घालून निघतोय तोवर मागून "राम नाम सत्य है" ऐकू आलं. आईने भिंतीला पाठ लावली, हात जोडले, आणि अंत्ययात्रा पुढे जाईपर्यंत तशीच उभी राहिली. हॉटेलात पोचलो तर खोली चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, जुन्या इमारतीतल्या एकेक फूट उंच पायऱ्या. वर जाऊन पलंगावर टेकली आणि म्हणाली, "आता मी खाली उतरेन ती थेट गाडीत बसायला." आणि खरंच, तीन दिवसांत ती फक्त दोनदा खाली उतरली. आयुष्यभर 'काशीस जावे नित्य वदावे' म्हणणारी बाई काशीला येऊन खोलीत बसून राहिली, ते मला अजून लागतं.

त्यानंतर तीन वेळा गेलो आणि दरवेळी मुद्दाम वेगळ्या भागात राहिलो. त्यातनं एक गोष्ट पक्की कळली की काशीत अंतर मीटरमधे मोजायचं नाही, पायऱ्यांमधे आणि गल्ल्यांमधे मोजायचं. नकाशावरचे ५०० मीटर म्हणजे सपाट रस्त्यावर सहा-सात मिनिटं, पण पक्क्या महालात, म्हणजे घाटांमागच्या त्या दाट जुन्या वस्तीत, सामान आणि म्हातारं माणूस बरोबर असेल तर तेच अंतर अर्धा तास खातं.

आधी शहर कसं बसलंय ते डोक्यात घ्या म्हणजे पुढचं सोपं होतं. गंगा इथे उत्तरेकडे वाहते. सगळे घाट एकाच काठावर, पश्चिमेच्या, दक्षिणेला अस्सी आणि उत्तरेला राजघाट, मधे साधारण साडेसहा-सात किलोमीटरमधे ८४ घाट. समोरच्या काठावर नुसती रेती. म्हणून रोज सकाळी सूर्य बरोबर नदीपलीकडून समोर उगवतो आणि घाटाकडे तोंड असलेल्या खोलीत उजाडताच ऊन येतं, पण नदीवरचा सूर्यास्त बघायचा असेल तर तो काही इथे मिळणार नाही. घाटाच्या मागे गल्ल्या, गल्ल्यांच्या मागे गाडीरस्ता, तो नदीला जवळजवळ समांतर जातो, अस्सी-सोनारपुरा-गोदौलिया-चौक-मैदागिन असा. आता यातली मेख अशी की दक्षिणेकडे रस्ता आणि घाट जवळजवळ आहेत, गल्ली छोटी, आणि चौकाच्या बाजूला गल्ल्यांचं जाळं खोल आणि गुंतागुंतीचं आहे. म्हणजे जितकं उत्तरेला, मणिकर्णिका-पंचगंगा घाटांकडे जाल तितकी काशी जुनी होत जाते आणि चालणं वाढत जातं. राहायची जागा निवडताना खरं तर हेच निवडायचं असतं.

पहिल्यांदाच जाताय, दोनच रात्री आहेत, बरोबर आईवडील आहेत आणि मुख्य इच्छा विश्वनाथाचं दर्शन आणि संध्याकाळची घाटावरची आरती एवढीच आहे, तर दशाश्वमेध-गोदौलिया हाच भाग घ्या, पण गल्लीतलं हॉटेल घेऊ नका. दशाश्वमेध रोड, गिरजाघर चौक, लक्सा, या मोठ्या रस्त्यांवर लिफ्टवाली साधी हॉटेलं आहेत. नदी दिसणार नाही, पण मंदिर आणि घाट दोन्ही पायी. गर्दीच्या वेळी पोलीस गोदौलियाच्या अलीकडेच गाड्या अडवतात, तेव्हा गिरजाघर किंवा लक्साचं हॉटेल असेल तर सामान घेऊन उतरायला बरं पडतं. विश्वनाथाच्या मंगला आरतीचं तिकीट काढलं असेल तर मग जवळच राहायला पाहिजे, कारण ती पहाटे तीनला सुरू होते आणि त्याच्या बरंच आधी रांगेत असावं लागतं, त्या वेळी लांबच्या कँटोन्मेंटहून टोटो शोधत येणं म्हणजे रात्रभर जागरण. मंदिरात मोबाईल नेता येत नाही, हॉटेल जवळ असेल तर फोन खोलीत ठेवून नुसतं हातात फुलं घेऊन जाता येतं, लॉकरची रांग वाचते. डिसेंबर २०२१ मधे विश्वनाथ धाम, म्हणजे मंदिराभोवतीचं नवं आवार, खुलं झाल्यापासून गंगेच्या बाजूनेही आत जाता येतं, ललिता घाटावरून, पण तिथे चढायला पायऱ्या बऱ्याच आहेत, गुडघेवाल्यांनी रस्त्याच्या बाजूचं दार धरावं.

या भागाचा तोटा म्हणजे आवाज आणि गर्दी, आणि तिथे एक गोष्ट आपल्या लोकांना हमखास फसवते, ती म्हणजे श्रावण. आपला महिना अमावस्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला. त्यामुळे काशीत श्रावण आपल्या आधी पंधरा दिवस सुरू होतो. आपण कालनिर्णय बघून म्हणतो की अजून आषाढ आहे, गर्दी नसेल, जाऊन येऊ, आणि तिथे पोचतो तर भगवी वस्त्रं घातलेले, गंगाजलाच्या कावडी घेतलेले कांवडिये आणि विश्वनाथाच्या रांगा पार रस्त्यापर्यंत. त्यातही सोमवार आला तर विचारूच नका. त्या महिन्यात जायचंच असेल तर गोदौलिया सोडा आणि दक्षिणेला राहा.

दक्षिणेला म्हणजे माझ्या मते बहुतेकांसाठी सगळ्यात बरा पट्टा, केदार घाट, चौसट्टी घाट, पांडे घाट आणि त्यांच्या मागची बंगाली टोला गल्ली. दुसऱ्या वेळी आईला परत घेऊन गेलो तेव्हा इथेच राहिलो, केदार घाटाच्या मागे, पहिल्या मजल्यावर, टोटो सोनारपुऱ्याला सोडायचा आणि तिथनं पाच-सात मिनिटं सपाट चाल. केदारेश्वराचं मंदिर लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं, लांबून नावेतूनही ओळखू येतं. आजूबाजूला दक्षिणेकडची मंडळी पिढ्यानपिढ्या राहतात म्हणून सकाळी गल्लीत इडली मिळते, तमिळ ऐकू येतं, आणि त्याच गल्लीने जरा पुढे गेलं की बंगाली पाट्या आणि मिठाईची दुकानं. आई रोज सकाळी सहाला शाल गुंडाळून केदार घाटाच्या वरच्या पायरीवर जाऊन बसायची. खाली उतरायची नाही, वरच बसायची, एक तेलुगू बाई रोज तिथे पितळी गडवा घासायच्या, राख आणि चिंच लावून, घासून झाला की गंगेत बुडवून भरून न्यायच्या. तिसऱ्या दिवशी त्या बाईंनी आईसाठी तांब्याभर गंगाजल वर आणून दिलं. आई तेलुगू बोलत नाही आणि त्या मराठी बोलत नाहीत, पण दोघी बराच वेळ बोलत होत्या. खोलीपासून घाटाची वरची पायरी चालत तीन मिनिटांवर होती म्हणून हे सगळं झालं.

इथनं दशाश्वमेध घाटाघाटाने चालत पंधरा-वीस मिनिटं, वाटेत दरभंगा घाट आणि त्याला लागून मुन्शी घाट, तो नागपूरकर भोसल्यांच्या दरबारातल्या श्रीधर नारायण मुन्शींच्या नावाचा. एक मात्र लक्षात ठेवा, केदारच्या दक्षिणेला लगेच हरिश्चंद्र घाट आहे, तिथेही दहन होतं. त्याच्या अगदी लगत खोली घेतली तर धूर येतो. बुक करताना नकाशावर मधे किती घाट आहेत ते मोजा, दोन-तीन घाटांचं अंतर असलं की काही जाणवत नाही.

अस्सी वेगळंच आहे. मोकळा, पसरट घाट, टोटो जवळजवळ घाटापर्यंत येतो, पायऱ्या कमी, म्हातारी माणसं आणि लहान मुलं दोघांना सोपं. पहाटे इथे सुबह-ए-बनारस असतं, २०१४ पासून, आधी आरती, मग शास्त्रीय गाणं किंवा वादन, मग योगासनं, आणि दशाश्वमेधच्या संध्याकाळच्या गर्दीत मान उंचावून बघण्यापेक्षा ही पहाटेची आरती मला जास्ती मनापासून आवडते. संकटमोचन आणि दुर्गाकुंडाची देवळं, बीएचयू म्हणजे बनारस हिंदू विद्यापीठ, त्याच्या दाराशी असलेला लंका भाग, सगळं इकडे. आठवडाभर राहून लॅपटॉपवर काम करायचं असेल, कॉफी पाहिजे असेल, एकट्या मुलीला सुरक्षित आणि रात्री जाग असलेला भाग पाहिजे असेल तर अस्सीच. आणि आपल्यासाठी अजून एक, अस्सीहून चालत दहा मिनिटांवर भदैनीला झाशीच्या राणीचं जन्मस्थान आहे. मोरोपंत तांबे दुसऱ्या बाजीरावाच्या भावाबरोबर, चिमाजी अप्पांबरोबर, काशीत होते तेव्हा १८२८ मधे मनूचा जन्म इथे झाला. आता तिथे स्मारक आहे, पुतळा आहे, आणि आपली माणसं अस्सीवर राहूनही ते न बघता परत येतात म्हणून मुद्दाम सांगतोय.

अस्सीचा तोटा म्हणजे विश्वनाथ जवळजवळ तीन किलोमीटर लांब. सकाळी घाटाने चालत जाणं सुंदर, पण दुपारी रस्त्याने टोटो अडकतो. दर्शन पहाटेच उरकायचं आणि बाकी दिवस इकडे काढायचा असं ठरवलं तर काही अडत नाही.

आता तो भाग ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलोय. मणिकर्णिकेच्या उत्तरेला सिंधिया घाट, भोसले घाट, मग राम घाट, पंचगंगा, दुर्गा घाट, ब्रह्मा घाट. ही आपली काशी आहे. सिंधिया घाट ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांनी १८३० च्या सुमारास बांधला, त्याच्या भाराने शेजारचं रत्नेश्वराचं देऊळ कललं असं लोक सांगतात, ते आजही वाकडं उभं आहे. भोसले घाट नागपूरकरांचा. पंचगंगेवरचं आत्ताचं बिंदुमाधवाचं मंदिर औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलेलं, जुन्या जागी औरंगजेबाच्या काळातली मशीद आहे. शिवाजी महाराजांना १६७४ मधे राज्याभिषेक करायला गागाभट्ट आले ते याच काशीतून, त्यांचं घराणं मूळ पैठणचं. पैठणच्याच एकनाथांनी भागवतावरची आपली टीका काशीत पूर्ण केली. आणि विश्वनाथाचं आजचं मंदिर अहिल्याबाईंचं, १७८० चं, हे तर सगळ्यांना माहीत असतं. या गल्ल्यांमधे मराठी घरं पिढ्यानपिढ्या आहेत. ब्रह्मा घाटाच्या गल्लीत मी एका दारापाशी पत्ता विचारायला थांबलो, हिंदीत विचारलं, आतून लुगडं नेसलेल्या एक आजी आल्या, माझ्याकडे बघून म्हणाल्या, "कुठले रे तुम्ही?" मी म्हटलं सातारा. म्हणाल्या, "मग हिंदीत काय विचारतोस?" आणि बसवून पाणी आणि पेढा दिला. त्यांचं मराठी ऐकायला फार गोड, शब्द आपले पण हेल हिंदीचा. त्या सांगत होत्या की त्यांच्या सासरची सहावी पिढी या घरात आहे आणि महाराष्ट्रात त्या फक्त दोनदा गेल्यात.

इथे राहायचं तर हॉटेलं थोडी आहेत, होमस्टे आणि जुन्या वाड्यांतल्या खोल्या जास्ती. वाड्याच्या मधे चौक, वरून आभाळ दिसतं, आणि माकडांसाठी सगळीकडे जाळ्या, गॅलरीत कपडे वाळत घालू नका, नेतात. श्राद्धकर्म, गंगापूजन असं काही करायचं असेल आणि घराण्याचे तीर्थोपाध्ये माहीत असतील तर खोलीसाठी आधी त्यांनाच फोन करा, त्यांच्या घरी किंवा ओळखीत सोय होते, साधं वरणभात मिळतो, आणि वहीत आजोबा-पणजोबांची नावं सापडली तर त्यासारखं दुसरं काही नाही. कार्तिकात जात असाल तर एक तरी रात्र पंचगंगेला काढाच. महिनाभर उंच बांबूंना वेताच्या टोपल्या बांधून त्यात दिवे लावतात, आकाशदीप, दोरीने टोपली वर ओढतात आणि ती जरा हेलकावे खात वर जाऊन थांबते. अहिल्याबाईंच्या वेळचा दगडी हजारा दीपस्तंभ तिथेच आहे. बाकीचे घाट रात्री दुकानांच्या लाइटने झगमगतात, इथे काळोख असतो म्हणून ते दिवे दिसतात.

पण हा भाग सगळ्यांचा नाही, ते स्पष्ट सांगतो. गाडी मैदागिनला किंवा काळभैरवाच्या बाजूला सोडते आणि पुढे गल्ल्या, उतार, पायऱ्या. रात्री नऊनंतर सामसूम. ज्यांना चालता येतं, ज्यांना तीन-चार दिवस हाताशी आहेत, त्यांनी इथे राहावं. बाकीच्यांनी एक सकाळ ठेवून नावेने पंचगंगेला उतरावं, गल्लीने काळभैरवाला जावं आणि ठठेरी बाजारात कचोरी-जिलबी खाऊन टोटो पकडावा. थंडी असेल तर मलइयो विचारा, दुधाचा फेस, तोंडात ठेवला की नाही होतो, सकाळी लवकर संपतो.

मणिकर्णिकेच्या अगदी लगत राहू नका असंच मी म्हणेन. चितेचं काही वाईट वाटतं म्हणून नाही, पण दिवसरात्र अंत्ययात्रा चालू असतात, गच्चीवर राख येते, आणि लहान मुलं बरोबर असतील तर त्यांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला मन तयार पाहिजे. तिथे जाऊन शांत उभं राहावं, फोटो काढू नयेत, आणि कोणी येऊन लाकडासाठी दान द्या म्हणून मागे लागलं तर हात जोडून पुढे निघावं.

कँटोन्मेंटचं थोडक्यात. स्वतःची गाडी असेल, मोठं हॉटेल पाहिजे असेल, सारनाथ मुख्य असेल किंवा पहाटेची ट्रेन असेल तर ठीक. नाहीतर रोज सकाळसंध्याकाळ ट्रॅफिकमधे बसून घाट गाठायचा, मग काशीत राहिल्यासारखं वाटतच नाही. सारनाथला शुक्रवारी म्युझियम बंद असतं, त्याप्रमाणे दिवस ठरवा.

स्टेशनांची नावं पण नीट बघा कारण त्यात घोळ होतो. वाराणसी जंक्शन म्हणजेच कँट. बनारस म्हणजे जुनं मंडुआडीह. काशी हे वेगळं छोटं स्टेशन, राजघाटाजवळ. आणि डीडीयू म्हणजे मुगलसराय, ते नदीपलीकडे, तिथनं शहरात यायला तास धरा. विमानतळ बाबतपूरला, साधारण २५ किलोमीटर.

पावसाळ्यात हे सगळं गणित बदलतं. ऑगस्ट-सप्टेंबरमधे गंगा चढली की घाट पाण्याखाली जातात, एका घाटावरून दुसऱ्यावर चालत जाता येत नाही, नावा बंद, आरती वर गच्चीवर होते. धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर आहे आणि १९७८ मधे पाणी ७३.९०१ पर्यंत गेलं होतं. त्या दिवसांत घाटाकडे दार असलेली खोली घेऊ नका, ज्याचं दार गल्लीकडे आहे किंवा जे रस्त्यावर आहे तेच घ्या. पाणी ओसरल्यावर पण काही आठवडे पायऱ्यांवर गाळ असतो, अस्सीला तर भरपूर. डिसेंबर-जानेवारीत धुक्याने गाड्या तासन् तास लेट होतात, त्यामुळे पहिल्या रात्रीचं बुकिंग करताना रात्री उशिरा आलो तर दार उघडाल का ते विचारा, आणि नदीकडची खोली असेल तर खिडकीला काच आहे का आणि गीझर चालतो का ते पण. देवदिवाळी, म्हणजे आपली त्रिपुरी पौर्णिमा, तेव्हा घाटावरच्या खोल्यांचे भाव कित्येक पट होतात आणि महिनोन् महिने आधी भरतात, त्यासाठी जात असाल तर आजच फोन करा, नसाल तर ती तारीख टाळा.

बुकिंग ॲपवर करा हवं तर, पण त्याआधी फोन लावून विचारा. गाडी नेमकी कुठल्या चौकापर्यंत येते आणि तिथनं पायी किती मिनिटं. खोली कितव्या मजल्यावर, लिफ्ट आहे का. गंगा खोलीतून दिसते का गच्चीवरून, कारण फोटो नेहमी गच्चीचा असतो. आणि न्यायला माणूस पाठवाल का. हा शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा आहे, गल्लीत मॅप चालत नाही, जीपीएस भिंतींमधे भरकटतो आणि वाट दाखवणारे फुकटचे वाटाडे मग पैसे मागतात. बहुतेक होमस्टेवाले चौकात मुलगा पाठवतात, त्याला चहापाण्याला काहीतरी द्या. ट्रॉली बॅग नेऊ नका, दगडी फरशीवर आणि पायऱ्यांवर तिची चाकं काही कामाची नाहीत, पाठीवरची सॅक न्या.

पाच दिवस असतील तर मुक्काम दोन ठिकाणी वाटा. आधी तीन रात्री केदारच्या बाजूला, पाय सरावतात, घाट ओळखीचे होतात, आणि शेवटच्या दोन रात्री पंचगंगा-ब्रह्मा घाटाकडे. सामान हलवायला नाव करा, केदारहून पंचगंगेला नावाडी नेऊन सोडतो, नावेत चढायच्या आधी भाव ठरवा. मागच्या वेळी आम्ही तसंच केलं. आई नावेत मधोमध बसली होती, सॅक मांडीवर धरून, आणि भोसले घाट आला तेव्हा तिनेच नावाड्याला सांगितलं, "जरा हळू घ्या."